भाव कळायच्या आधी विसार: अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज नेमका कधी भरायचा

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं होतं. पुण्यात संध्याकाळचे सात, इकडे न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. व्हिडिओ कॉलवर भाची दिसत होती. नवा ड्रेस, कपाळाला कुंकू, मांडीवर लॅपटॉप, शेजारी चकलीची बशी. मागून तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, "आधी पूजेला बस, मग काय ते कर" म्हणून ओरडत होती. पाच तासांनी तिच्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजचा अर्ज बंद होणार होता. निबंध तयार होते. अडलं होतं ते 'अर्ली डिसिजन'च्या करारावर. तिची सही झाली होती, वडिलांची व्हायची होती.

माझ्या मेहुण्यांचं सगळं आयुष्य जमिनी-फ्लॅटचे कागद वाचण्यात गेलंय. त्यांनी तो करार चक्क प्रिंट काढून वाचला, दोनदा वाचला, आणि विचारलं, "ताई, प्रवेश मिळाला तर जावंच लागेल ना?"

हो.

"आणि वर्षाला किती पडणार, ते कधी कळणार?"

प्रवेश मिळाल्यावर.

"म्हणजे भाव कळायच्या आधी विसार द्यायचा."

माझ्या लेकीच्या वेळी मी या सगळ्यातून गेले, नंतर ओळखीतल्या कितीतरी घरांना हे समजावलं, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. अर्ज कधी भरायचा हा प्रश्न तारखेचा वाटतो. खरं तर तो या विसाराचा आहे.

आधी नावं समजून घेऊ

अमेरिकेत पदवीच्या प्रवेशाला आपल्यासारखी एकच केंद्रीय फेरी नसते. बहुतेक कॉलेजं 'कॉमन ॲप' नावाच्या सामाईक अर्जावर आहेत. तो दर वर्षी १ ऑगस्टला उघडतो आणि त्यातून जास्तीत जास्त २० कॉलेजांना अर्ज करता येतो. पण प्रत्येक कॉलेज स्वतःच्या तारखा ठरवतं, आणि एकाच कॉलेजच्याही दोन-तीन वेगवेगळ्या तारखा असतात. मुलं गोंधळतात ती इथेच.

साधी, नेहमीची तारीख म्हणजे रेग्युलर डिसिजन. अर्ज साधारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, निकाल मार्चअखेरीस, आणि कुठे जायचं ते १ मेपर्यंत कळवायचं. हातात पाच-सहा पत्रं घेऊन, प्रत्येकाची फी आणि मदत शेजारी शेजारी मांडून ठरवायची सोय इथे मिळते.

अर्ली ॲक्शन म्हणजे अर्ज लवकर, बहुधा १ नोव्हेंबरला, आणि निकालही लवकर, डिसेंबर-जानेवारीत. बंधन काही नाही. प्रवेश मिळाला तरी १ मेपर्यंत विचार करायला मोकळे.

अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी. (आपल्याकडे हे नाव घेतलं की लोक दचकतात, आणि इथेही थोडं दचकलेलं बरं.) अर्ज त्याच सुमारास, निकाल डिसेंबरच्या मध्याला. मात्र मिळालं तर जायचंच, आणि बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. ईडी एकाच कॉलेजला करता येते. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. बऱ्याच खासगी कॉलेजांत जानेवारीत ईडीची दुसरी फेरीही असते, तिचा निकाल फेब्रुवारीत लागतो. पहिल्या फेरीत नकार मिळालेल्यांची नजर तिच्यावर असते.

शिवाय हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची एक मधली वाट आहे. मिळालं तरी जायचं बंधन नाही, पण त्या काळात दुसऱ्या खासगी कॉलेजला 'अर्ली' अर्ज करायचा नाही. सरकारी विद्यापीठांना आणि परदेशात सहसा चालतो. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर होकार द्यायची सक्ती नाही, पण स्थळ एका वेळी एकच बघायचं.

आणि काही ठिकाणी 'रोलिंग', म्हणजे अर्ज येईल तसा तपासायचा आणि निकाल कळवायचा. ॲरिझोना स्टेट हे त्याचं मोठं उदाहरण. तिथे लवकर अर्ज करण्यात तोटा असा काहीच नाही.

कॉलेजला यात काय मिळतं

हे समजल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. समजा एका कॉलेजला १,००० मुलांचा वर्ग भरायचाय. प्रवेशपत्रं दिलेल्या तीन मुलांमागे एकच येतं असा अनुभव असेल, तर ३,००० पत्रं पाठवावी लागतील. जास्त मुलं आली तर हॉस्टेलला खोल्या पुरत नाहीत. कमी आली तर फीचं अंदाजपत्रक कोसळतं. प्रवेशपत्र मिळालेल्यांपैकी किती येतात, या प्रमाणाला तिथे 'यील्ड' म्हणतात, आणि प्रवेश विभागाची झोप उडते ती यामुळे. ईडीच्या मुलाला पाठवलेलं एक पत्र म्हणजे एक भरलेली खुर्ची. अनेक नामवंत खासगी कॉलेजं वर्गाचा निम्म्याच्या आसपास भाग डिसेंबरमध्येच असा पक्का करून ठेवतात. जानेवारीत अर्ज करणारी मुलं उरलेल्या जागांसाठी भांडत असतात.

हे न्याय्य आहे का, यावर तिथेही वाद आहे. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं लवकर प्रवेशाची पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांना नीट मार्गदर्शन मिळतं आणि ज्यांना पैशांची तुलना करायची गरज नसते, त्यांनाच तिचा फायदा होतो, असं कारण दिलं. बाकीची बहुतेक कॉलेजं काही मागोमाग आली नाहीत. २०११ मध्ये दोघांनीही पद्धत पुन्हा सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर ईडीमुळे स्पर्धा मरते आणि फी चढी राहते, असं म्हणत काही विद्यार्थ्यांनी तीसेक कॉलेजांवर मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात दावा लावला. वीस वर्षांपूर्वी हार्वर्डनं दिलेलं कारण आणि या दाव्यातली तक्रार यांत फारसं अंतर नाही.

शक्यता खरंच वाढते का

वाढते, पण आकडे दाखवतात तितकी नाही.

हार्वर्डचा २०२४ मध्ये दाखल झालेला वर्ग घ्या. लवकरच्या फेरीत ७,९२१ अर्ज आले आणि ६९२ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही फेऱ्या मिळून ५४,००८ अर्ज आणि १,९३७ प्रवेश. वजाबाकी केली तर नंतरच्या फेरीचं प्रमाण पावणेतीन टक्क्यांवर येतं. वरवर पाहिलं तर लवकर अर्ज करणाऱ्याची संधी तिप्पट.

पण लवकर अर्ज करणारी मुलं असतात कोण? प्रशिक्षकानं आधीच हेरून ठेवलेले खेळाडू. ज्यांचे आईवडील तिथेच शिकले अशी मुलं. महागड्या शाळांतली, जूनमध्येच निबंध लिहून मोकळी झालेली मुलं. त्यांची संधी जानेवारीतही चांगलीच असती. म्हणजे तिप्पट हा आकडा काही अंशी तारखेचा आणि बऱ्याच अंशी माणसांचा आहे. सकाळी लवकर भाजी आणायला जाणाऱ्यांच्या पिशवीत चांगली भाजी असते, त्यात लवकर जाण्याचा वाटा किती आणि भाजी पारखता येण्याचा किती, असा हा प्रश्न.

ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी तो सोडवायचा प्रयत्न केला. सारख्याच गुणवत्तेची मुलं घेऊन त्यांनी तुलना केली आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडला, की लवकर अर्ज करण्याचा फायदा एसएटी या प्रवेशाच्या परीक्षेत १०० गुण जास्त मिळवण्याइतका आहे. त्या वेळी एसएटी १,६०० गुणांची होती, आजही आहे. म्हणजे फायदा खरा आहे आणि लहान नाही. पण १०० गुणांनी काठावरचं मूल आत जातं. काठापासून लांब असलेलं जात नाही. कॉलेज आवाक्याबाहेरचं असेल तर १ नोव्हेंबरलाही ते आवाक्याबाहेरच असतं. माझ्या ओळखीत दोन-तीन घरांनी आपली ईडी अशा स्वप्नातल्या नावावर खर्च केली आणि जिथे ती खरोखर उपयोगी पडली असती, तिथे जानेवारीत गर्दीत उभे राहिले.

आता पैसे

मेहुण्यांचा प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या खासगी कॉलेजचा फी, राहणं, जेवण धरून वर्षाचा खर्च आता ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात आहे. रुपयांत पाऊण कोटीच्या आसपास. चार वर्षांचे तीन कोटी. हा छापील भाव. प्रत्यक्षात बरीच मुलं त्याहून कमी भरतात, कारण कॉलेज मदत देतं, आणि ती प्रत्येक कॉलेजची वेगळी असते. सारख्याच दर्जाच्या दोन कॉलेजांच्या पत्रांत वर्षाला २०-२५ हजार डॉलरचा फरक पडू शकतो. रेग्युलरमध्ये तो फरक दिसतो. एक पत्र दुसऱ्या कॉलेजला दाखवून "यांनी इतकं दिलंय, तुम्ही काय करू शकता?" असं विचारताही येतं, आणि कधी कधी उत्तर चांगलं येतं. ईडीत तुलनेला दुसरं पत्रच नसतं. दुकानदाराला ठाऊक असतं की तुम्ही दुसऱ्या दुकानात जाणार नाही.

करारात एक पळवाट आहे, आणि ती प्रत्येकानं वाचावी. मदतीसाठी अर्ज केला असेल आणि कॉलेजनं दिलेल्या मदतीत तिथे जाणं शक्य होत नसेल, तर विद्यार्थ्याला मोकळं होता येतं. मेहुण्यांनी लगेच विचारलं, "शक्य आहे की नाही, ते कोण ठरवणार?" इथेच मेख आहे. कॉलेज आपल्या हिशेबानं तुमची 'गरज' काढतं. तुमच्या मते फ्लॅटचं कर्ज, आजीचं औषधपाणी आणि धाकट्याचा क्लास धरून जे उरतं ते खरं. दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. बोलणी होतात, कधी मदत वाढते, कधी माणूस सुटतो. पण मदत मागितलीच नव्हती आणि नंतर "जरा महाग पडतंय" म्हटलं, तर ते ऐकलं जात नाही.

कायद्याच्या दृष्टीनं कुणी कोर्टात खेचत नाही, हे खरं. करार शब्दाला जागण्याचा आहे. पण शब्द मोडल्याची किंमत मागच्यांना पडू शकते. एका विद्यार्थ्यानं शब्द फिरवल्यावर न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठानं त्याच्या शाळेतल्या पुढच्या मुलांसाठी वर्षभर ईडीचं दार बंद केलं. "काय करणार आहेत ते?" असं व्हॉट्सॲपवर सांगणारे काका भेटले, तर हे उदाहरण सांगा.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी यात आणखी एक पदर आहे. काही मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचा प्रवेश ठरवताना त्यांनी पैसे मागितलेत का, हे बघतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲम्हर्स्ट आणि बोडन त्यांत येतात. बाकी बहुसंख्य ठिकाणी बघतात. म्हणजे मदत मागितली की संधी कमी होते. मागितली नाही आणि प्रवेश मिळाला, तर अनेक कॉलेजांत नंतर मागताच येत नाही. इथे लवकर-उशिराच्या आधीचा निर्णय म्हणजे आपण मदत मागणार आहोत की नाही. तो घरात सप्टेंबरमध्येच, आईवडिलांसमोर, आकड्यांसकट व्हायला हवा. आपल्याकडे मुलांसमोर पैशाचं बोलायचं नाही ही जुनी खोड आहे, तिचा इथे खरा तोटा होतो.

इकडच्या आपल्या लोकांनाही हे लागू पडतं. एडिसनमध्ये, फ्रीमाँटमध्ये, डॅलसच्या उपनगरांत लहानपणापासून वाढलेली, इथल्याच शाळेत शिकलेली मुलं, पण आईवडील एच-१बीवर आणि ग्रीन कार्डच्या रांगेत. मूल एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर असतं. सरकारी मदतीचा 'फाफ्सा' नावाचा अर्ज त्याला भरता येत नाही. बऱ्याच खासगी कॉलेजांत मदतीच्या बाबतीत त्याची गणना परदेशी विद्यार्थ्यांत होते. मुलाला हे बहुतेक वेळा बारावीच्या ऑक्टोबरमध्ये कळतं, आणि तो दिवस घरात चांगला जात नाही. सरकारी विद्यापीठांत काही राज्यं अशा मुलांना स्थानिक रहिवाशांची फी लावतात. आपल्या राज्याचा नियम आधी वाचून ठेवावा.

मग अंदाज घ्यायचा कसा? २०११ पासून अमेरिकन कायद्यानं कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्न, बचत, भावंडं असं भरलं की तुम्हाला अंदाजे किती पडेल ते सांगतो. तो मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी असतो, पण काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांसाठीही देतात. या आकड्याला हसतमुखानं 'हो' म्हणता येत असेल तरच ईडीचा विचार करायचा. तोंड कडू होत असेल तर जानेवारी.

उलटही एक गोष्ट आहे. गुणवत्तेवरच्या स्कॉलरशिपा कधी कधी लवकरच्या तारखेलाच बांधलेल्या असतात. लॉस एंजेलिसच्या यूएससीत बहुतेक अभ्यासक्रमांना मेरिट स्कॉलरशिपसाठी विचार व्हायचा तर नोव्हेंबरच्या सुरुवातीचीच तारीख पाळावी लागते. म्हणून 'पैशांची काळजी आहे, मग उशिरा भरू' हेही सरसकट चालत नाही. बंधन असलेलं लवकर वेगळं, नसलेलं लवकर वेगळं.

सरकारी विद्यापीठांचं गणित वेगळं

मोठ्या सरकारी विद्यापीठांत ईडी सहसा नसते, अर्ली ॲक्शन असते. तिथे माझं मत सरळ आहे: शक्य असेल तर लवकर भरा. जॉर्जिया टेकची लवकरची तारीख राज्यातल्या मुलांना ऑक्टोबरच्या मध्याला आणि बाहेरच्यांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसनं २०२४ पासून १५ ऑक्टोबरची तारीख सुरू केली. पर्ड्यूत कॉम्प्युटर सायन्ससारख्या मागणीच्या शाखांना नोव्हेंबरची तारीख पाळलेली बरी. आमच्या घराजवळच्या रटगर्सलाही १ नोव्हेंबरचं अर्ली ॲक्शन आहे. यातल्या एखाद्याचं होकाराचं पत्र डिसेंबर-जानेवारीत हातात पडलं, की घरातली हवा बदलते. पुढची वाट बघणं सोपं जातं.

अपवाद कॅलिफोर्नियाचा. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे नऊ कॅम्पसना मिळून एकच अर्ज. तो १ ऑक्टोबरपासून दाखल करता येतो आणि नोव्हेंबरअखेरीस बंद होतो. लवकर दाखल केल्याचा कणभरही फायदा नाही. तिथे ३ ऑक्टोबरला अर्ज पाठवून अभिमानानं सांगणाऱ्या मुलानं निबंध सुधारायचे आठ आठवडे फुकट घालवलेले असतात.

अर्ज तयार आहे का

लवकर पाठवलेला कच्चा अर्ज हा कच्चाच अर्ज असतो. दुसरी संधी त्या वर्षी त्या कॉलेजात मिळत नाही. म्हणून मी मुलांना तीन गोष्टी विचारते.

अकरावीचे गुण तुझी खरी ओळख सांगतात का? आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीनंतरचा विश्रांतीचा काळ अशी समजूत. अमेरिकन कॉलेज मात्र नववीपासूनचे सगळे गुण मागतं, आणि १ नोव्हेंबरला त्यांच्यापुढे शेवटचं पूर्ण वर्ष असतं ते अकरावीचंच. ते घसरलं असेल आणि बारावीची सहामाही चांगली जाणार असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. जानेवारीच्या अर्जाबरोबर ती सहामाही जाते.

एसएटी झाली का? कोविडच्या साथीच्या काळात बहुतेक कॉलेजांनी ती ऐच्छिक केली होती. एमआयटीनं २०२२ मध्ये, आणि डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. लवकरच्या फेरीला ऑक्टोबरची परीक्षा साधारण शेवटची चालते. डिसेंबरची परीक्षा देणार असाल तर तारीख आपोआप ठरली.

आणि तुझे निबंध तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी वाचलेत का? दहापैकी सात मुलं इथे मान खाली घालतात.

भारतातल्या अडचणी, ज्या कुणी सांगत नाही

पहिली अडचण दिवाळीची. १ नोव्हेंबरची तारीख जवळजवळ दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या तोंडावर येते. विद्यार्थ्याचा अर्ज घरून जातो. पण गुणपत्रक, शाळेचा अहवाल आणि शिक्षकांची शिफारसपत्रं शाळेनं पाठवायची असतात. आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांत त्यासाठी वेगळा काउन्सेलर असतो. साध्या ज्युनियर कॉलेजात हे काम प्राचार्यांवर किंवा एखाद्या मनमिळाऊ शिक्षिकेवर येतं, आणि ऑफिसला कुलूप लागलं की लागलं. भाचीच्या कॉलेजात क्लार्क गावी गेले होते आणि शिक्का त्यांच्या कपाटात. बहुतेक अमेरिकन कॉलेजं शाळेच्या कागदांसाठी काही दिवस थांबतात, हे तेव्हा कामी आलं. तरी कागद सप्टेंबरमध्येच मागून ठेवा. सोबत पेढे न्या, हसू नका, उपयोग होतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. कॉमन ॲपवर मुदत तुमच्या इथल्या रात्री ११:५९ ला संपते. अमेरिकेत अजून दुपार आहे म्हणून पुण्यात वेळ आहे, असं नाही. कॅलिफोर्नियाचा अर्ज मात्र तिथल्या वेळेनं बंद होतो, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला. शेवटच्या तासात परदेशी व्यवहाराला बँकेचा ओटीपी येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव. आणि आला तरी तो वडिलांच्या फोनवर येतो, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला असतो, आणि वडील खाली फटाके उडवत असतात.

तिसरी, जेईई. एकाच वेळी दोन्ही वाटा धरणारी मुलं पुण्या-मुंबईत खूप आहेत. ईडीचा निकाल डिसेंबरमध्ये, जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत. ईडीत होकार आला तर प्रामाणिकपणे तयारी तिथेच थांबायला हवी. ज्या घरात "आयआयटी लागलं तर तिकडे" हे वाक्य अजून जिवंत आहे, त्या घरानं ईडी करू नये. रेग्युलरमध्येही एक अडचण आहेच. अमेरिकेला १ मेपर्यंत कळवायचं, आणि जेईई ॲडव्हान्स्डचा निकाल जूनमध्ये. बारावीचा निकालही मे महिन्यातला. तेव्हा अमेरिकेचं डिपॉझिट, काहीशे डॉलर, परत न मिळण्याच्या तयारीनं भरावं लागतं.

लवकर होकार मिळण्याचा एक साधा फायदाही नोंदवून ठेवते. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद, लवकर हातात येतो आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मे-जूनची गर्दी होण्याआधी धरता येते.

इंग्लंडचा विचार असेल तर तिथलं प्रकरण पुष्कळ सोपं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखांची मुदत १५ ऑक्टोबर, तिथल्या संध्याकाळी सहाला. बाकीच्यांची जानेवारीत. मुदतीच्या आत आलेल्या सगळ्या अर्जांकडे सारख्याच नजरेनं बघायचं, असा नियम आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

डिसेंबरचं पाकीट

लवकरच्या फेरीचा निकाल तीन तऱ्हांचा असतो. होकार, नकार, किंवा 'डिफर', म्हणजे आत्ता सांगत नाही, जानेवारीच्या गर्दीबरोबर पुन्हा बघू. ईडीत डिफर झालात की बंधन सुटतं. मग सहामाहीचे गुण आणि एक छोटं पत्र पाठवायचं: अजूनही इच्छा आहे, आणि मधल्या काळात हे हे नवीन घडलं. एकच पत्र. दर आठवड्याला नाही.

मात्र निकाल १५ डिसेंबरच्या सुमारास लागतो आणि पुढच्या मुदती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतात. उरलेल्या आठ-दहा कॉलेजांचे निबंध नकार आल्यावर लिहायला घ्यायचे ठरवलं, तर नाताळच्या सुट्टीत रडवेल्या मुलाकडून पंधरा निबंध लिहून घ्यावे लागतात. माझ्या लेकीनं हेच केलं होतं. त्या दोन आठवड्यांत तिनं लिहिलेलं काही वाचलं तर आजही ती चिडते. निकालाची वाट न बघता बाकीचे निबंध नोव्हेंबरमध्येच संपवायचे, हे आम्ही तेव्हा शिकलो.

भाचीचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी मेहुण्यांनी सही केली नाही. भाची पाटावर बसली ती गाल फुगवून. पूजा झाल्यावर, साडेनऊच्या सुमारास, तिनं स्वतःच अर्जात ईडीच्या जागी रेग्युलर निवडलं आणि त्या रात्री दोन सरकारी विद्यापीठांचे अर्ली ॲक्शनचे अर्ज पाठवले. त्यातल्या एकाचा होकार जानेवारीत आला, थोड्या स्कॉलरशिपसकट. पहिल्या पसंतीच्या कॉलेजनं मार्चअखेरीस, पाडव्याच्या दोन-तीन दिवस आधी, नकार कळवला. सही केली असती तर मिळालं असतं का, हा विषय त्या घरात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा बहिणीनं चहा टाकला.

धाकटा भाचा आता त्याच रांगेत आहे. मेहुण्यांनी परवा फोन केला. त्यांनी एका वहीत सहा कॉलेजांच्या कॅल्क्युलेटरचे आकडे उतरवून ठेवलेत, शेजारी प्रत्येकाच्या तारखा. न सही केलेला तो जुना करार त्याच वहीत घडी करून ठेवलाय. या वेळी दोन कॉलेजांच्या आकड्यांसमोर त्यांनी बरोबरची खूण केली आहे, आणि त्यातल्या एकाला ईडी आहे. "ताई," ते म्हणाले, "२०२६ ची दिवाळी बघितली. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. क्लार्क गावी जायच्या आत होईल."